निकालात नसलेली मुले

शाळेचे वर्ष संपत आले की गावातला प्रत्येक माणूस मुख्याध्यापकाला एकच प्रश्न विचारतो : यंदा निकाल किती? बाजारात भेटलेला पालक विचारतो, संस्थेचे पदाधिकारी विचारतात, शिक्षण विभागातले अधिकारी विचारतात, शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापकही आपला आकडा तयार ठेवूनच विचारतात. उत्तर शंभर टक्के असले की पुढचे सगळे ठरलेले असते. चौकात फ्लेक्स लागतो, पहिल्या आलेल्यांना पेढा भरवतानाची छायाचित्रे वर्तमानपत्रांकडे जातात आणि जूनमध्ये प्रवेशासाठी गर्दी होते. मी एका माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि हा प्रश्न ऐकता ऐकता माझी नोकरी सरत आली आहे. पण तुमच्या शाळेत पाचवीला आलेल्या मुलांपैकी दहावीच्या परीक्षेला किती बसली, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. निकाल आपण टक्क्यांत सांगतो, आणि टक्के नेहमी कशाचे तरी असतात. ते कशाचे, हे विचारायचे आपण सर्वांनी मिळून सोडून दिले आहे. ते का सोडले आणि त्याची किंमत कोण मोजते, हे लिहिल्यावाचून हे वर्ष मिटवावेसे मला वाटत नाही.

हे कसे घडते ते आधी सांगतो. लोकांना ते ठाऊक नाही असे नाही, पण ठाऊक असलेले कोणी बोलत नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा बालकांचा हक्क २००९च्या कायद्याने मिळाला आणि १ एप्रिल २०१०पासून तो लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे व्यवहारात आठवीपर्यंतच आहे. तोवर मुलाला शाळेतून काढता येत नाही. दहावीची परीक्षा मंडळाची असते. मधली नववी मात्र सर्वस्वी शाळेच्या हातात असते आणि सगळी निवड तिथेच होते. दिवाळीच्या सुमारास प्रथम सत्राचे गुण हाती आले की वर्गशिक्षकांच्या मनात एक यादी तयार होते. दहावीला निकाल खाली ओढतील अशा मुलांची ती यादी. मार्च-एप्रिलपर्यंत ती कागदावर येते. मग पालकांना बोलावणे जाते. त्यांच्यापुढे तीन वाटा ठेवल्या जातात : मुलगा नववीतच राहील, किंवा दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जाईल, किंवा पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसेल. हा सतरा नंबरचा अर्ज मंडळाने ठेवला तो ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांच्यासाठी. कामाला लागलेला तरुण, लग्न होऊन गेलेली बाई, शाळेच्या वेळेत शाळेत येणे ज्याला शक्य नाही असा कुणीही, या सगळ्यांना परत येता यावे म्हणून तो आहे. आत येण्यासाठी केलेले ते दार आपण मुलांना बाहेर घालवण्यासाठी वापरू लागलो. खाजगी विद्यार्थी मंडळाच्या निकालात वेगळे मोजले जातात, त्यामुळे शाळेची टक्केवारी स्वच्छ राहते. कोणताही नियम न मोडता एक मूल वजा होते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो : शाळा सोडण्याचे कारण. या मुलांच्या दाखल्यावर तिथे जवळजवळ नेहमी ‘पालकाच्या अर्जावरून’ असे लिहिलेले असते. त्या अर्जाची हकिकत सांगण्यासारखी आहे. पालक कार्यालयात येतात तेव्हा त्यांना अर्ज करायचा असतो असे नसते. बोलावले म्हणून ते आलेले असतात, बहुधा एक दिवसाची मजुरी बुडवून. त्यांना बसायला सांगायचे कोणाला सुचत नाही, आणि सांगितले तरी ते बसत नाहीत. लिपिक कोरा कागद पुढे करतो. वडिलांना लिहिता येत नसले तर तो कागद मुलाच्या हाती जातो. मग चौदा वर्षांचा तो मुलगा टेबलाच्या कडेला उभा राहून, लिपिक सांगेल तसे, वडिलांच्या वतीने लिहितो : मा. मुख्याध्यापक यांस, विनंती अर्ज करतो की माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा. ‘पाल्य’ लिहिताना त्याचा हात थांबतो, तो शब्द त्याला येत नसतो. लिपिक तो सांगतो. खाली वडील अंगठा उमटवतात किंवा अक्षरे जुळवून सही करतात आणि अर्ज माझ्या टेबलावर येतो. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ असे लिहिलेले असते, आणि ते खरे असते. तो मुलगा वाईट वागला म्हणून जात नाही. त्याला त्रैराशिक जमत नाही, इंग्रजीचा परिच्छेद वाचता येत नाही, म्हणून तो जातो. आणि ज्या गोष्टी त्याला येत नाहीत त्या शिकवण्यासाठीच तर ही इमारत बांधलेली आहे.

रुग्णांपैकी जे मरतील असे वाटते त्यांना आधीच घरी पाठवून एखाद्या दवाखान्याने आपल्याकडे कोणी दगावत नाही असा लौकिक मिळवला, तर आपण त्याला दवाखाना म्हणणार नाही. शाळेने नेमके तेच केले की आपण तिचा सत्कार करतो. या सत्कारात शिक्षक आहेत, संस्थाचालक आहेत, मी आहे. त्याच शाळेत आपले मूल घालण्यासाठी ओळखी काढणारा सुशिक्षित पालकही त्यात आहे. शाळांनी ही रीत एकट्याने चालवलेली नाही. आपल्या मुलाच्या वर्गात ‘तसली’ मुले नकोत ही मागणी घराघरांतून आली आणि शाळांनी ती पुरवली. निकाल खाली आला की शिक्षण विभाग खुलासा मागवतो. पण पट गळला तर कोणी खुलासा मागत नाही, कारण समाजाला त्याचे उत्तर नको असते.

प्रश्न असा की हे आपल्याला खुपत कसे नाही. माणसे दुष्ट आहेत असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. माझ्या शाळेतले बहुतेक शिक्षक भले आहेत. आजारी मुलाला स्वतःच्या गाडीवरून घरी पोचवणारे आहेत, गरजूंच्या फीसाठी आपसांत वर्गणी काढणारे आहेत. तेच शिक्षक ती यादी करतात, आणि करताना त्यांचे मन त्यांना खात नाही. जे कृत्य भला माणूस निश्चिंत मनाने करतो त्याची मुळे त्या माणसाच्या फार मागे गेलेली असतात. ती कुठवर गेली आहेत हे पाहायचे असेल तर शाळेच्या तुकड्या पाहाव्यात. अनेक शाळांत अ, ब, क, ड अशा तुकड्या गुणांवरून पाडल्या जातात. कोणत्याही अशा शाळेतले ‘अ’ तुकडीचे हजेरीपत्रक आणि ‘ड’ तुकडीचे हजेरीपत्रक शेजारी ठेवा. गुण बघू नका, फक्त आडनावे वाचा. आपल्या गावात वावरलेल्या कोणाही माणसाला त्या दोन पानांवरून गावाचा नकाशा काढता येईल : कोणाची घरे देवळाजवळ, कोणाची पेठेत, कोणाची ओढ्यापलीकडे. याला अपवाद आहेत, आणि दरवर्षी त्या अपवादांचे फोटो छापून आपण स्वतःला समजावतो की दार सर्वांना उघडे आहे. पण त्या दोन पानांकडे पाहून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या मनात एक जुना निवाडा पक्का बसलेला असतो : विद्या ही काहींच्या डोक्यात असते, काहींच्या नसते, आणि कोणाच्या डोक्यात नसते हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. पूर्वी हा निवाडा जन्माच्या नावाने सांगितला जात असे. आता तो गुणांच्या नावाने सांगितला जातो, आणि गुणांवर शंका घेणे हे जन्मावर शंका घेण्यापेक्षा अवघड आहे, कारण गुण मोजलेले असतात.

या निवाड्याशी झगडणारी माणसे आपल्याच भूमीत झाली. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी मांडलेले गाऱ्हाणे असे होते की सरकारचा महसूल येतो कष्टकऱ्यांच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले आणि पुढच्या वर्षी ते तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. विरोध करणारे सगळेच इंग्रज नव्हते. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांवर दंड बसवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आमच्या शाळांच्या कार्यालयांत या सर्वांच्या तसबिरी आहेत. जयंतीला आम्ही हार घालतो, आणि मुलाकडून तो अर्ज लिहून घेतला जातो तोही त्याच तसबिरींखाली. भाऊरावांच्या वसतिगृहात आलेली मुले पहिल्याच दिवशी तल्लख नव्हती. ती उपाशी होती, त्यांना सलग बसायची सवय नव्हती, त्यांच्या घरात पुस्तक नव्हते. आजच्या शंभर टक्के निकालाच्या शाळेत त्यांतली बरीच मुले नववीतच गळाली असती. पुढे ती शिकली, कारण त्यांना शिकवण्याची जबाबदारी आपली आहे असे मानणारा माणूस तिथे होता.

यात कायद्याचीही एक उणीव आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. राज्यघटनेने मूळ पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प सांगितला होता. त्याचा मूलभूत हक्क व्हायला २००२ची शहाऐंशीवी घटनादुरुस्ती यावी लागली, आणि तो हक्क अमलात यायला २०१०. वयोमर्यादा तीच राहिली : चौदा. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली (घरच्या उद्योगाची सवलत ठेवून), मात्र चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामे सोडून इतर कामांवर ठेवण्यास मोकळीक राहिली. म्हणजे ज्या वर्षी शाळेला मुलगा बाहेर काढता येतो त्याच वर्षी हॉटेलवाल्याला, गॅरेजवाल्याला तो आत घेता येतो. दोन्ही कायद्यांच्या मर्यादा एकाच वयाशी येऊन भिडतात, आणि त्या सांध्यातून जी मुले घसरतात त्यांच्यावर कोणताच कायदा बोट ठेवू शकत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३०पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत सर्व मुले शाळेत आणण्याचे ध्येय ठेवले आहे. ध्येय चांगले आहे, पण जोवर समाजाला ती मुले शाळेत हवी आहेत असे होत नाही तोवर ते कागदावर राहील.

मुलींचे जाणे आणखी निमूट असते. मुलगा गळतो तो नापास म्हणून, मुलगी गळते ती पास होऊनही. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर असते. शासनाने मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत मुलींना सायकली दिल्या, त्यांच्यासाठी एस.टी.च्या बस सुरू केल्या, मोफत पास दिले. ही कामे चांगली झाली आणि त्यांच्यामुळे अनेक मुली दहावीपर्यंत आल्या. पण सायकल रस्ता ओलांडते, घराची भीती ओलांडत नाही. मुलगी शहाणी झाली की तिचे बाहेर असणे हीच आईबापांना चिंता वाटू लागते, आणि त्या चिंतेचा एकच उपाय आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३.७ टक्के आहे. ज्या राज्यात मुलींची शाळा १८४८ साली निघाली त्या राज्याचे हे आकडे आहेत.

यातले बरेच विवाह उन्हाळ्याच्या सुट्टीत होतात, कारण सुट्टीत हजेरी नसते आणि कोणी विचारत नाही. जूनमध्ये मुलगी येते ती दाखला न्यायला, गळ्यात मंगळसूत्र, सोबत सासरचे कुणी. लिपिक जनरल रजिस्टर काढतो. त्यात तिची जन्मतारीख आहे. ती तारीख आणि समोर उभी असलेली मुलगी मिळून एका गुन्ह्याचा पुरावा आहे, आणि तो पुरावा पाहूनही आम्ही दाखल्यावर कारण लिहितो, ‘पालकाच्या अर्जावरून’. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६चा आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची नेमणूक आहे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे. लग्न ठरल्याचे वर्गातल्या मैत्रिणींना महिनाभर आधी माहीत असते, शिक्षिकांना माहीत असते, शिपायाला माहीत असते. ग्रामसेवकालाही पत्रिका आलेली असते. तरीही फोन होत नाही, कारण मुलीचा बाप ओळखीचा आहे, संस्थेच्या कार्यकारिणीतले कोणी त्यांच्या भावकीतले आहेत, आणि गावात राहायचे तर अक्षता टाकायला जावे लागते. आपण जातो. जेवूनही येतो. त्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला मुलीचे वय ठाऊक असते. एका माणसाचे भय आणि शंभर माणसांचा शिष्टाचार यांतून तिचे शिक्षण संपते, आणि यांतल्या कोणालाही आपण काही केले असे वाटत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले की ते मूल एकतर त्यांच्याबरोबर जाते किंवा आजीपाशी राहते आणि आजीला सांभाळते. लहान वर्गांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, नववी-दहावीच्या मुलांची सोय तुटपुंजी आहे. फेब्रुवारीत आम्ही त्याची हजेरी मोजतो, पंचाहत्तर टक्के भरत नाही, आणि ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून नाव कमी करतो. ज्या साखरेवर राज्याचे राजकारण आणि सहकार उभा राहिला, त्या साखरेच्या उसाला पहिला कोयता लावणाऱ्या घरातले मूल आमच्या हिशेबी गैरहजर आहे. तोडीचा हंगाम दरवर्षी त्याच सुमारास येतो. शाळेचे वेळापत्रक मात्र दरवर्षी असे आखले जाते की जणू तो येणारच नाही.

आता जी मुले शिल्लक राहतात आणि परीक्षेला बसतात, त्यांना तरी आपण काय देतो? २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे वीस गुण बंद झाले आणि पूर्ण शंभर गुणांची लेखी परीक्षा झाली. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे मान्य करू. पण केवढी ओरड झाली ते आठवा. अकरावीच्या प्रवेशात आपली मुले मागे पडतील, अशी पालकांची तक्रार होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. अंतर्गत गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. आपल्या मुलांना स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहिता येतात की नाही, या प्रश्नाची एका वर्षी थोडीशी चाहूल लागली होती. त्यावर विचार करण्याऐवजी आपण प्रश्नच मागे घेतला. आमच्या शाळांत ते वीस गुण कसे दिले जातात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. आणि परीक्षा केंद्रांभोवती फेब्रुवारी-मार्चमध्ये जे चालते ते तर सर्वांनी पाहिलेले आहे. गैरप्रकारांविरुद्धचा राज्याचा कायदा १९८२चा आहे, दरवर्षी कॉपीमुक्त अभियान होते, भरारी पथके फिरतात. पण भिंतीवर चढून खिडकीतून कागद टाकणारा बहुधा त्या मुलाचा मामा किंवा थोरला भाऊ असतो. आपण करतो ते प्रेमापोटी असे त्याला वाटते. मुलाला त्या दिवशी कळते ते एवढेच, की घरच्यांना त्याच्या शिकण्यावर विश्वास नाही, आणि त्यांना तो शिकायला नको, पास व्हायला हवा आहे. ज्याला नववीत काढले तो आणि ज्याला दहावीत असा पास केला तो, दोघांच्याही बाबतीत आपण तोच निवाडा दिलेला असतो, की याला काही येणार नाही.

एक गोष्ट इथेच नोंदवतो. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा शाळांच्या पटावर लाखो अशी नावे सापडली, की ज्यांची मुले वर्गात नव्हती. शिक्षकांची पदे आणि अनुदान टिकावे म्हणून ती नावे ठेवलेली होती. म्हणजे नसलेल्या मुलाचे नाव पटावर राखायची युक्ती आपल्याला साधते, असलेल्या मुलाचे नाव राखायची इच्छा मात्र होत नाही. त्या वेळी आपण संतापलो तो पैशांच्या अपव्ययावर. संताप योग्य होता, पण तो पुढे सरकला नाही.

शिक्षकांची बाजू मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. २०१२पासून कित्येक वर्षे शिक्षक भरती जवळजवळ बंद होती. एका शिक्षकाकडे तीन विषय आले. निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत वर्गाचे तास जातात. आठवीपर्यंत न वाचता आलेले मूल नववीत आमच्यापुढे उभे केले जाते आणि वर्षभरात त्याला दहावीला तयार करा असे सांगितले जाते. प्राथमिकचे शिक्षक म्हणतात की घरात वातावरण नाही, पालक म्हणतात की शाळेत शिकवत नाहीत, शासन म्हणते की निधी दिला आहे. प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे आहे, आणि या थोड्या थोड्या खऱ्या गोष्टींची बेरीज करून आपण एक संपूर्ण अन्याय उभा केला आहे. पदे रिकामी आहेत म्हणून शिकवता येत नाही, हे मी समजू शकतो. पण पदे रिकामी आहेत म्हणून दुबळ्या मुलालाच काढायचे, हे कशावरून ठरते? अडचण सर्वांची असताना तिचा भार नेहमी त्याच घरांवर का पडतो? या प्रश्नाला प्रशासकीय उत्तर नाही. उत्तर त्या दोन हजेरीपत्रकांत आहे.

रीत माणसांनी घातली आहे, तर ती माणसांना मोडताही येते. आपण हे याआधी केले आहे. दहावीत नापास झालेल्या मुलाचे पूर्वी आख्खे वर्ष जात असे. २०१५पासून जुलैतच पुरवणी परीक्षा होऊ लागली आणि त्या मुलांना त्याच वर्षी पुढे जाता येऊ लागले. यासाठी कोणाची बुद्धी वाढवावी लागली नाही, फक्त मुलाचे एक वर्ष मोलाचे आहे असे कोणाला तरी वाटावे लागले. तसेच काही शाळांतून, निकालाची पर्वा न करता, नववीच्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या आधी तासभर बसवून वाचन-लेखनापासून शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या शाळेचा निकाल नव्वदच्या आत असतो आणि त्यांच्या नावाचा फ्लेक्स लागत नाही. पण वाचायला शिकलेला मुलगा पंधराव्या वर्षीही शिकतो, सोळाव्याही.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि ती येत्या जूनपासून पुरी करता येण्याजोगी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या दर्शनी फलकावर दहावीच्या टक्केवारीशेजारी दुसरी ओळ लिहावी : या तुकडीतली पाचवीला किंवा आठवीला आलेली मुले एवढी, त्यांपैकी आमच्याकडून दहावीला बसलेली एवढी, नववीत दाखला दिलेली एवढी, सतरा नंबरकडे वळवलेली एवढी, अठराच्या आत लग्न झालेल्या मुली एवढ्या. याला नवा कायदा लागत नाही, समिती लागत नाही. सगळी माहिती जनरल रजिस्टरमध्ये आहे. शाळेने ती स्वतः लिहिली नाही तर पालकांनी पालकसभेत विचारावी, वार्ताहरांनी निकालाच्या बातमीसोबत मागावी, आणि ज्यांचे मूल ‘अ’ तुकडीत आहे त्यांनी सर्वांत आधी विचारावी, कारण त्यांचा शब्द शाळेत ऐकला जातो. आणि दाखल्यावरचा कारणाचा रकाना खरा भरावा. मुलीचे लग्न झाले असेल तर तसे लिहावे आणि ग्रामसेवकाला कळवावे. मुलाला अभ्यास जमत नाही म्हणून शाळेने काढले असेल तर तसे लिहावे आणि खाली मुख्याध्यापकाने सही करावी. खरे कारण लिहायचे ठरले की निम्मे दाखले दिलेच जाणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

माझ्या शाळेत हे काम सुरू झाले आहे. गेल्या तीन वर्षांत नववीतून गेलेल्यांची यादी लिपिकाने काढली आहे, प्रवेश अर्जांवर त्यांचे पत्ते आहेत, आणि शिक्षकांनी वस्त्या वाटून घेतल्या आहेत. ज्यांना परत नववीत किंवा दहावीत बसायचे आहे त्यांना प्रवेश मिळेल, फॉर्म सतरा भरलेल्यांनाही वर्गात बसून शिकता येईल, आणि निकालाचे जे काही होईल ते संस्थेला लेखी कळवले आहे. हे घरोघर जाणे मे महिन्यातच उरकायला हवे. जून लागला आणि मुलाचा पहिला पगार घरात आला, की घराला गरज असलेले ते पैसे आईबापांना सोडून द्यायला सांगणे फार कठीण होऊन बसते.